शांतीला जोडीने

इंझोरी

चि. सौ. मंजुषास आशीर्वाद.

तू भागवतबरोबर आफ्रिकेत जाऊ नकोस, एवढंच लिहायला बसलो होतो. तो फौजी आहे, त्याला जावंच लागेल. तूही फौजेच्या दवाखान्यात नर्स आहेस, पण मागितली तर रजा मिळेल असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. भागवत फोनवर म्हणाला, "बाबा, दुसऱ्याईची लढाई थांबवाले शांतिसेनेत चाललो आमी." शांती आहे तर बंदूक कशाला? आणि बंदूक लागते तर ती शांती कसली?

पारावर नथ्थूला सांगितलं, दोघं शांतीसाठी चालले, पण सुनेला मी नको म्हणणार.

तो म्हणाला, "एवढ्या दूर? कोनाची वास्तुशांती हाय?"

"वास्तुशांती नाई रे, लढाईची शांती!"

"मंग सुनेले काहून अडवतं, बबन्या? शांतीले जोडीनंच बसा लागते."

तो थट्टा करत होता, पण माझं डोकं तिथेच अडकलं. आपल्या नव्या घराची वास्तुशांतीही राहूनच गेली आहे. तुझ्या सासूबाई गेल्या, आता मला एकट्याला पूजेच्या पाटावर बसता येत नाही. तुम्ही दोघं परत याल तेव्हाच ती होईल. एकटा भागवत येऊन चालणार नाही, एकटी तू येऊनही नाही.

मग जा म्हणू की नको म्हणू? वरची ओळ खोडली, परत लिहिली. असलं पत्र पेटीत कसं टाकायचं?

दोन पाट मात्र आज धुऊन ठेवले.

तुझे मामाजी,
बबनराव