एकाच ताग्यातली मुलं

रहिमतपूर,
सोमवार, दुपार

प्रिय मास्तर,

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले आणि दत्तोबा शिंप्याला आज पत्र लिहायचं सुचलं! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय हो, इतके दिवस दौत वाळली होती का?" दौत वाळली नव्हती, मास्तर. लिहायला तोंड नव्हतं.

आज सकाळी दुकानात आटपाडीकडच्या दोन बायका आल्या. खण बघत होत्या. मी एकाच्या सदऱ्याचं माप घेत होतो, पाठ त्यांच्याकडे. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. एक म्हणाली, "ह्यो बग, धोंडीच्या तानीला लग्नात असलाच खण हुता." दुसरी म्हणाली, "लय बारकी गं पोर ती!" "बारकी कसली? धाव्वं वरीस लागलं हुतं. शाळा सुटली, मग घरात ठिवून काय करायचं?"

मी टेप गळ्यात टाकली आणि विचारलं, "कोण धोंडी? आपल्या ओढ्याकाठी खोपटात राहायचा तो?"

"व्हय, त्योच. तुमी वळखता?"

"ओळखतो," म्हणालो. त्या खण घेऊन गेल्या. माप घ्यायचं होतं तो माणूस हात पसरून तसाच उभा होता. त्याच्या छातीचा आकडा मी दोनदा विसरलो.

मास्तर, आपल्या शाळेतल्या तानीचं लग्न झालं. हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे? म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही दुकानाच्या पायरीवर पहिल्यांदा बसलात ते कॉलर उलटून घ्यायला. एका कोटाची कॉलर माणूस किती वेळा उलटणार? तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "मास्तर, आता या कापडाला तिसरी बाजू नाही!" केवढे हसलात! तेव्हापासून शाळा सुटली की तुमची छत्री माझ्या पायरीला टेकलेली. मी दुसरीतून शाळा सोडलेला, सांगलीत एका शिंप्याकडे काज-बटणं करून हात बसवलेला माणूस. तुम्ही मला शाळा समितीवर घेतलंत. "तुम्हाला गावाच्या पोटातलं ऐकू येतं," म्हणालात. मी केवढा फुगलो होतो, मास्तर!

श्रावणातली ती संध्याकाळ आठवते? तुम्ही एक कागद घेऊन आलात. त्यावर बारा नावं. शाळेतून गळायला आलेली पोरं. मी म्हणालो, "बाराही गरीब. मग लांबण कशाला? सगळ्यांना एक पंगत वाढू."

तुम्ही मान हलवलीत. "सगळ्यांची अडचण एक नाही, दत्तोबा." आणि एकेक नाव वाचून दाखवलंत. सखा सकाळी शेळ्या सोडतो. उशिरा आला तरी त्याची हजेरी लावायची. बायजाच्या कडेवर भाऊ असतो. त्यालाही वर्गात बसू द्यायचं. कुणाला पाटी, कुणाच्या बापाशी नुसतं चार शब्द बोलणं. आणि तानी. आटपाडीकडं पाऊस झाला नाही म्हणून तिचा बाप गुऱ्हाळावर कामाला आलेला. तिच्या नावापुढं तुम्ही लिहिलं होतं: अंगावर धड कपडा नाही, पण मागणार नाही, गुपचूप द्यावा.

"गुपचूप?" मी म्हणालो. "मास्तर, आपण देतोय, चोरी करत नाही!"

तुम्ही नुसते हसलात. तुमचं हे हसणंच मला नडलं. दोन शब्द खडसावून का नाही सांगितलेत?

मग समितीची बैठक. अध्यक्ष आबासाहेब, दोन मळ्यांचे धनी, लोडाला टेकून म्हणाले, "मास्तर, शेळ्याबिळ्या ऱ्हाऊ द्या. कापड द्या, आन् चारचौघांत द्या. कंट्रोलचं दिवस हायती, कापड मापून मिळतंय. गुपचूप दिलं तर लोक म्हणतील, समितीनं कापड खाल्लं!"

आणि सर्वांत आधी मान कुणी डोलावली? मी! कारण मीच कापडवाला. दत्तोबानं धर्माच्या कापडात हात मारला, असं उद्या कुणी म्हटलं तर? मला माझं नाव राखायचं होतं, मास्तर. पोरांचं काय राखायचं ते तुमच्या कागदावर होतं, आणि कागदाची घडी घालून तुम्ही खिशात ठेवलीत. त्या बैठकीत तुम्ही गप्प का बसलात? आबासाहेबांनी मनात आणलं तर तुमची बदली होईल, हे मला माहीत होतं. घरात चार तोंडं होती तुमची. तरी विचारतो. तुम्ही बोलला असतात तर मीही कदाचित बोललो असतो. का हे सुद्धा मी आज तुमच्यावर ढकलतोय?

सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडं तपकिरी छापील पट्ट्यांचा एक अख्खा तागा पडून होता. दुसरं कुणी घेत नव्हतं. मी आणला. सगळा दुकानात अंथरला, घड्यांवर घड्या टाकल्या आणि बेतला. मुलांच्या सदऱ्याच्या पाठीशी मुलींच्या पोलक्याची बाही, बाहीच्या पोटात पट्टी. खाली उरल्या त्या तळहाताएवढ्या चिंध्या! कारागिराला याचा किती आनंद होतो ते कारागिरालाच कळतं. तुम्ही पायरीवरून विचारलंत, "दत्तोबा, दोन-तीन तऱ्हेचं नाही का मिळणार?"

"मास्तर, लढाईचे दिवस! आणि एकसारखं असलं की कशी शोभा येते बघा, पलटण उभी केल्यासारखी!"

दसऱ्याला पाटीपूजन झालं. सारा गाव पटांगणात. आबासाहेबांनी एकेक नाव पुकारलं, बापाच्या नावासकट. पोरानं पुढं यायचं, पाया पडायचं, गठडी घ्यायची, वळून लोकांना नमस्कार करायचा. टाळ्या! तानी आली तेव्हा तिच्या बापाचं नाव जरा मोठ्यानंच पुकारलं गेलं, "आटपाडीकडनं आलेला" अशी ओळख जोडून. धोंडी मागं चिंचेखाली उभा होता. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मी शिवणी बघत होतो. एकही कपडा अंगाला कमीजास्त नव्हता.

सुखवस्तू पोराला चार कपडे असतात. या पोरांना तोच एक. रोज तोच. त्यामुळं कोसावरून ओळखू यायला लागली. आठवड्यात माझ्या कानावर आलं, "धर्माची पोरं." एका बागवाल्यानं तर माझ्याच दुकानात सांगितलं, "पट्टं दिसलं की मी धोंडाच उचलतो. प्येरू चोरणारी तीच!"

"आणि बिनपट्ट्याची पोरं पेरू खात नाहीत व्हय?" असं माझ्या जिभेवर आलं होतं, मास्तर. पण तो चार खाकी चड्ड्यांचं माप देत होता. मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो!

आणि मग ती सकाळ. तुम्हाला माहीतच आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहू द्या.

दुकानात पाच-सहा माणसं होती. तानी पाटी घेऊन शाळेला निघालेली. माझी नजर शिवणीवर गेली. पोलक्याची शिवण बाहेर! मी तिथूनच ओरडलो, "अगं ए, आटपाडीचे! उलटं घातलंस की! दत्तोबानं शिवलंय, सुलटं घाल, माझं नाव जाईल!"

सगळे हसले. बरा विनोद जमला असं मला वाटलं. तानी थांबली. तिनं एका हातानं खांद्यावरची शिवण झाकली. मग वळली आणि शाळेकडं न जाता ओढ्याकडं गेली. पळाली नाही. सावकाश गेली.

संध्याकाळी तुम्ही आलात. बसला नाहीत. म्हणालात, "दत्तोबा, तिनं चुकून घातलं नव्हतं. छापील पट्टे उलट्या बाजूनं पुसट दिसतात. तिनं ते शोधून काढलं होतं."

तीस वर्षं कापडात घालवली मी. उलट बाजूला छाप पुसट असतो, हे मला माहीत नव्हतं? ती नऊ वर्षांची पोर आपली लाज झाकायला माझंच कापड माझ्यापेक्षा चांगलं वाचत होती, आणि मी तिला भर रस्त्यात उघडी केली.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं ओढ्याकाठी गेलो. धोंडीनं आधीच कपडे धुऊन, घडी घालून ठेवले होते. "आवं मास्तर," तो तुम्हाला म्हणाला, माझ्याकडं बघितलंही नाही, "पोरगी शिकंल म्हणून धाडली. आमी दुष्काळानं आलोय, भीक मागाय न्हाई."

"अरे, भीक कसली रं?" मी मध्येच म्हणालो.

"मग माजं नाव कशापायी पुकारलं? आबासायबाच्या नातवाच्या अंगात बी त्या दिशी नवा सदरा हुता की! त्येच्या बापाचं नाव का न्हाई पुकारलं?"

तुम्ही खाली बघितलंत. तानी आत चुलीपाशी होती, सगळं ऐकत. "पोरी, मी चुकलो," एवढंच म्हणायचं होतं मला. तीन शब्द! आणि मी काय म्हणालो? "दुसऱ्या कापडाचं शिवून देतो." जणू कापडाचीच गोष्ट होती!

"नगं," धोंडी म्हणाला.

दिवाळीनंतर तो उंब्रजकडं खडी फोडायला गेला. तुम्ही दर रविवारी सर्व्हिसच्या मोटारीनं तिकडं जायला लागलात. तिसऱ्या रविवारी ताप घेऊनच आलात. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर, कुठलंसं पाणी बाधलं. मी उशाशी बसलो होतो. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "तानी यायला तयार आहे. बाप नाही म्हणतो. तुम्ही जा. तुमचं ऐकेल तो."

"माझं कसं ऐकेल?"

"चूक तुमची आहे म्हणून."

मी हो म्हणालो. तुमचा हात हातात घेऊन हो म्हणालो. तुम्ही गेलात, आणि तेरावं झाल्यावर जाऊ असं ठरवलं. मग लग्नसराईची शिलाई आली. मग संक्रांतीनंतर जाऊ. गेलो तेव्हा माघ संपत आला होता, आणि खडीवरची माणसं हलली होती. "आटपाडीकडं गेली," कुणीतरी सांगितलं. आटपाडी काय लंकेत आहे? पण मी मोटारीत बसून परत आलो. बसताना मला बरंही वाटलं, मास्तर. सुटल्यासारखं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

वैशाखात तिचं लग्न झालं असणार. मी गेलो असतो तर? नुसता गेलो असतो तर?

बारांतली आता चार येतात. सखाला उशीर झाला की हजेरी लागत नाही. तो यायचा बंद झाला. बायजाला सांगितलं, भावाला घरी ठेव. घरी कोण आहे? ती पण बंद झाली. तुमच्या दप्तराबरोबर समितीच्या कपाटात गेला असेल म्हणून तुमचा तो कागद मी तिथं दोनदा शोधला. नवे हेडमास्तर म्हणाले, जुनी रद्दी श्रावणात काढून टाकली. माणूस वाईट नाही. अक्षर सुरेख आहे. त्यांनी यंदाची यादी केली आहे: पंधरा नावं, आणि प्रत्येकापुढं एकच ओळ, "कपडे, एक जोड." खाली खाली तेच. वाचताना कुठं अडखळायला होत नाही, इतकं एकसारखं!

लढाई संपली, पण कापड अजून कंट्रोलचंच. आबासाहेबांचा निरोप आला, "दत्तोबा, औंदा बी तुमीच शिवा. मागल्या साली लय झ्याक झालं." झ्याक झालं! गावाला असंच वाटतं. मुलं गळाली ती गावाच्या करणीनं, असं कुणाच्या मनातही नाही. म्हणतात, "द्येऊन बी येत न्हाईत, त्यास्नी शिकायचंच न्हाई."

उद्या तीन वाजता बैठक आहे. तुम्हाला खोटं सांगत नाही, काही बदलेल असं मला वाटत नाही. आबासाहेब हसतील. हेडमास्तर बदलीला भितील. त्यांना मी दोष देणार नाही. फार बोललो तर शिलाई दुसऱ्याकडं जाईल आणि दसऱ्याला पंधरा नावं पुकारली जातीलच. तानी तर आता कुठल्या गावात, कुणाच्या घरी पाणी भरते तेही त्या बायकांना मी विचारलं नाही. ती परत येणार नाही, मास्तर. तुम्हीही येणार नाही.

म्हणून मोठं वचन देत नाही. मागचं एक मोडलेलं आहे. एवढंच देतो: उद्या समितीपुढं उभा राहीन, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणेन, "धोंडीची तानी शाळेतून गेली ती माझ्यामुळं. कशी गेली ते ऐका, मग यादी वाचा." हे सगळं सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. ऐकोत, न ऐकोत.

तुमचा, फार उशिरा बोलणारा,
दत्तोबा शिंपी