बारा दिवसांची आई

राजूर,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. मोनिका हिस दयाताईचे अ. उ. आ.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. आमच्याकडे फोन आरूच्या ताब्यात असतो आणि स्पीकर लावल्याशिवाय तिला ऐकूच येत नाही. समोरच्या ओट्यावर गोजरबाई बसलेली असतेच. मला लिहायचंय ते त्या दोघींच्या कानावर जायला नको.

बातमी अशी की आपली आरू सिनेमात काम करतेय. हसू नकोस. पुण्याची माणसं आलीत. मोठी कंपनी वगैरे नाही, दहा-बारा जण आणि दोन गाड्या. दिग्दर्शक बाईच आहेत, दिपालीताई. न्यूझीलंडला राहणारं एक मराठी जोडपं, त्यांना मूल नाही, ते इकडे येऊन अनाथाश्रमातली मुलगी दत्तक घेतात, अशी गोष्ट. शाळेच्या जुन्या इमारतीलाच आश्रम केलाय. सगळ्या मुलींतून त्यांनी आरूला निवडलं. तिचे पप्पा तर दिवसभर गावात याला त्याला थांबवून सांगतात. आरूचा फ्रॉक मीच शिवून दिला. तर दिपालीताई म्हणाल्या, हा फार नवा दिसतो. मग मी माझ्याच हाताने तो दगडावर घासून जुना केला.

आता खरं सांगते. सिनेमातल्या आईचं काम करणारी निकिता नावाची मुलगी आहे. गोरी, बारीक, केसांना तेल नाही. दिपालीताईंनी ठरवलंय की चित्रीकरण संपेपर्यंत आरूने निकितालाच आई म्हणायचं, कॅमेरा बंद असला तरी. म्हणजे तोंडात बसेल म्हणे. आणि गोंधळ नको म्हणून मला तिथं मावशी म्हणायचं. मीही हो म्हणून बसले. आज अकरा दिवस झाले. दुपारी निकिता तिला भरवते. आरूला कारलं चालत नाही, माझ्याकडे ताट सरकवून देते, आणि निकिताच्या हातचं मुकाट्यानं खाते! काल मी पाण्याची बाटली द्यायला गेले, तर तिनं लांबूनच सांगितलं की मावशी, तिकडं ठेव. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना गोजरबाई म्हणाली, पोरगी लई ग्वाड बोलती, पर दुसरीला आई म्हनती ते काय मला बरं वाटत न्हाई. मी तिला दरडावलं आणि घरात येऊन रडले.

वेडेपणा आहे, मला कळतंय. पण तुझ्याशिवाय सांगू कोणाला? जेम्सना सलाम, रुबेन-शमुवेलला पापा. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
दयाताई


मिरजगाव,
ता. २० जानेवारी २०२५

प्रिय दयाताईस मोनिकाचा सप्रेम सलाम वि. वि.

पत्र पोचलं. आरूचं ऐकून घरात दिवाळी झाली. शमुवेल शाळेत सांगून आला की माझी मावसबहीण हिरॉईन झाली. यांनी टेम्पोच्या काचेवर तिचा फोटो लावायचं ठरवलंय. इतकं सगळं छान.

मग मी तुझं पत्र एकटीनं पुन्हा वाचलं. ताई, अकरा दिवस तुला कोणी मावशी म्हटलं आणि तू घरात जाऊन रडलीस. मला त्याच तोंडून नऊ वर्षं मावशी ऐकू येतंय.

हे आपण दोघी कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते. तुझं तिसरंही मूल गेलं तेव्हा मला दोन मुलगे होते आणि तिसऱ्याचे दिवस गेले होते. मीच म्हणाले होते की हे तुला देते. कोणी जबरदस्ती केली नव्हती, तूही मागितलं नव्हतंस. तेव्हा मुलगा की मुलगी, कुणाला ठाऊक होतं? मुलगी झाली आणि माझं मन फिरलं. सांगणार कोणाला? तू बाळंतविडा घेऊन दारात उभी होतीस. बाराव्या दिवशी मी तिला तुझ्या हातात दिली. कोर्टाचा कागद झाला तेव्हा सही करताना माझं पेन दोनदा थांबलं, ते दाजींनी पाहिलं होतं, तू नाही. गावानं मात्र म्हणायचं ते म्हटलंच, की पोरं ठेवली आणि पोरगी देऊन टाकली.

दर नाताळाला तुम्ही येता. ती तुझ्या मांडीवर बसते, मी तिच्यासाठी करंज्या तळते, आणि तू मला सांगतेस की आरूला खोबरं जास्त लागतं. मला सांगतेस! त्या वेळी झारा हातातच असतो म्हणून बरं.

निकिता महिनाभरात पुण्याला जाईल. तुझी आरू पुन्हा तुझी होईल. माझं शूटिंग संपायचंच नाही.

फार लिहिलं. लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही, तरी असू दे.

तुझी,
मोनिका


राजूर,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. मोना हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. दिलं ते दिलं, आता उगाळतेस कशाला, असं तीन पानी पत्र मी लिहिलंही होतं. ते फाडलं. कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि मला तुझ्याकडेच यावं लागतंय.

सिनेमात एक प्रसंग आहे. नवी आई मुलीला विचारते की तुला पहिली आई आठवते का. आरूला ते काही जमेना. दिपालीताईंनी तिला समजावलं की समज, तुझी आई तुझी आई नाहीच. आरू खदखदून हसली आणि म्हणाली, असं कसं होईल? माझी आई तर तिथं उभीय. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं तिथं मला आई म्हटलं, आणि मला तोंड वर करवेना.

घरी आल्यावर जेवताना तिनं विचारलं की मी जन्मले तेव्हा कशी होते. निकिताला सांगायचंय म्हणे. मी बोलायला लागले आणि अडकले. मी नव्हतेच गं तिथं! मी पाहिली तेव्हा ती बारा दिवसांची होती. मला आठवत नाही, असं म्हणाले. तर म्हणाली, हे कुणी विसरतं का? तेव्हापासून ती माझ्याकडे निरखून बघते.

शेवटच्या दिवशी तिनं त्या जोडप्याबरोबर जीपमध्ये बसून निघून जायचं होतं, मागे वळून न बघता. एका फटक्यात केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जीप वळणापर्यंत जाऊन परत येणार हे मला माहीत होतं, तरी माझे पाय रस्त्यावर पळायला लागले. शूटिंगवाल्या एका पोरानं मला धरलं.

तर मोना, एवढं कर. ती कशी जन्मली, किती वाजता, केस होते का, रडली का, सगळं लिहून पाठव. मी तिला सांगेन, म्हणजे तिची शंका मिटेल.

रागावली असलीस तरी नातं राख.

तुझी,
दयाताई


मिरजगाव,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दयाताईस सलाम.

नाही पाठवणार.

ताई, त्या पोरीचं माझ्याकडे एवढंच उरलंय, एक दुपार आणि बारा दिवस. तिचं पहिलं पाऊल तुझ्याकडे, पहिला दात तुझ्याकडे, आता सिनेमासुद्धा तुझ्याकडे. आणि तू ती दुपारही मागतेस, वर तुझी म्हणून सांगणार. तुला हे लिहिताना काहीच वाटलं नाही?

चार दिवस मी अशी धुमसत होते. अंगणवाडीतल्या पोरांवर उगाच ओरडले. यांनी विचारलं तेव्हा पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून म्हणाले की ती दुपार ना तुझी ना दयाताईची, ती त्या पोरीची आहे. 

म्हणून असं कर. तू तिला खरं सांग. तूच सांग, मी नाही, कारण ती तुझ्या कुशीत असताना ऐकेल तर सोसेल. मग तिला माझ्याकडे पाठव. जन्माचं मी सांगेन.

एक कबूल करते. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. ती विचारणार, दादांना ठेवलं आणि मलाच का दिलं? नऊ वर्षं तुझा हेवा केला, पण हा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नाही तो तुझ्यामुळे, हेही खरं.

दाजींना सलाम. तुझ्यावर रागावले आहे, आणि तुझीच आहे.

मोनिका


राजूर,
ता. ३ मे २०२५

चि. मोना हिस अ. उ. आ.

जवळजवळ तीन महिने धीर झाला नाही. परीक्षा होऊ दे, ईस्टर होऊ दे, असं म्हणत राहिले. शेवटी परवा दुपारी शिलाई मशीनवरून उठले आणि सांगितलं. तिचे पप्पाही बसले होते.

ती रडली नाही. आधी विचारलं, पप्पांना माहीत होतं का. मग विचारलं, रुबेनदादाला माहीत आहे का. नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं. नंतर म्हणाली, म्हणजे त्या दिवशी मी हसले तेव्हा तू काही बोलली नाहीस. बस, एवढंच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वेणीसुद्धा पप्पांकडून घालून घेतली, ती बघवत नव्हती.

आज सकाळी म्हणाली की मला मिरजगावला जायचंय. सोमवारी हे तिला घेऊन निघतील. आठ दिवस ठेवून घे. तिची बॅग भरताना मी प्रत्येक फ्रॉक दोनदा बाहेर काढला. ती तुझ्याकडेच राहते म्हणाली तर काय, हा विचार जात नाही. मला तुझा इतका मत्सर कधी वाटला नव्हता, निकिताचाही नाही. तरी पाठवतेय. तिला दुपारी झोप लागली तर उठवू नकोस, चिडते. हे मी तुला सांगायला नको होतं का? सांगितलं, आता राहू दे.

सांभाळ, तिलाही आणि मलाही.

दयाताई


मिरजगाव,
ता. १३ मे २०२५

प्रिय ताईस मोनिकाचा सप्रेम सलाम वि. वि.

उद्या हे तिला टेम्पोतून नगरपर्यंत आणतील, तिथून दाजी घेऊन जातील. त्याआधी तुला सगळं कळावं म्हणून बसलेय. पत्र तिच्याच बॅगेत देते, ती फोडणार नाही.

पहिले दोन दिवस ती पोरांबरोबरच हिंडली. तिसऱ्या दिवशी मी कांदे निवडत होते, तेव्हा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, सांग. मी सांगितलं. तुलाही आता लिहिते. ऑगस्टची दुपार होती, सव्वातीन. वीज गेली होती. ती रडली नाही, आधी शिंकली. दोनदा. नर्सबाई हसायला लागली आणि मग ही रडली. कानांवर लव होती. माझा अंगठा धरला तो सोडेना. ती ऐकून खूश झाली, शिंकेचं तर चारदा सांगायला लावलं.

मग तिनं विचारायचं ते विचारलंच. दादांना का नाही दिलं? मी म्हणाले की तू पोटात असतानाच तुझं ठरलं होतं, मुलगा की मुलगी कळायच्या आधी. तुझ्या आईला बाळ हवं होतं आणि माझ्या पोटात तू होतीस. नंतर मला पस्तावा झाला, तो अजून आहे, हेही सांगितलं. खोटं बोलवेना. ती बराच वेळ कांद्याची सालं गोळा करत राहिली. मग म्हणाली, मग तू मला भांडून परत न्यायला का नाही आलीस? मी म्हणाले, तू तिथं हसत होतीस म्हणून. ते तिला पटलं की नाही, ठाऊक नाही.

आता आजचं. मी चुलीशी बसले होते. बाहेरून तिनं हाक मारली, आई! एकदाच, मोठ्यांदा. ताई, मी हातातलं पीठ तसंच टाकून उठले. पायात चप्पल नाही, पदर नाही. दारात गेले तर ती फोन घेऊन ओट्यावर बसलेली, तुझा आवाज तुटत होता म्हणून ओरडत होती. मी शमुवेलचा जुना पेपर सोडवला, त्याच्याहून जास्त मार्क मिळाले, असं काहीसं तुला सांगत होती. तिनं मला पाहिलं. फोनवर हात ठेवून विचारलं, काय गं मावशी?

मी म्हणाले, काही नाही, तुझं चालू दे. तिचं बोलणं होईपर्यंत दाराला टेकून उभी राहिले. मग आत जाऊन तिच्या भाकरीवर लोणी जास्त घातलं.

तुझी,
मोनिका