चष्म्यातली क्रेन

१ सप्टेंबर, सकाळ
आजपासून आयुष्य लाइनीवर. काशिनाथमामा महिनाअखेर रिटायर होतायत. मग टाउनशिपचं क्वार्टर सोडून ते आणि मामी नागपूरला जाणार. मी भोपाळ सोडणार नाही. मामांनी शब्द टाकून मला कारखान्याच्या क्रेन-ट्रेनिंगला घातलंय. पास झालो की ठेकेदाराकडे ऑपरेटर आणि टी. टी. नगरात स्वतःची खोली. नाही झालो तर नागपूर, बाबांचं झेरॉक्सचं दुकान. तो प्रश्नच येत नाही.

संध्याकाळ
पोचायला उशीर झाला. वाटेत शाहपुऱ्याच्या तळ्यावर थांबलो. वाटेत म्हणजे थोडं उलट्या बाजूला.

३ सप्टेंबर
डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की कारखान्याचा आख्खा शॉप खोटाखोटा समोर. हातात बटणांचा डबा, वर क्रेन, हुकाला लोखंड. खाली पिवळ्या हेल्मेटचा माणूस हातानं इशारे करतो. आज लोड त्याच्या अंगावर गेला. सगळं लाल झालं, मग ‘फिर से प्रयास करें’ असं आलं आणि तो परत उभा. शिकवणारे प्रभाकर सर म्हणाले, भैया, तो मेला. मी म्हटलं, सर, उभा आहे की. सरांनी कपाळाला हात लावला. त्यांचं डोकं दुखत असावं.

८ सप्टेंबर
ट्रिक सापडली. माणूस गेला की मार्क कटतात, पण लवकर संपवलं की जास्त मिळतात. म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही. आज बॅचमध्ये पहिला!
अलका वानखेडे शेवटची. त्या पिवळ्यानं हात वर केला की ही थांबतेच. मला विचारते, हॉर्न का नाही देत रे? म्हटलं, चष्म्यात कोण ऐकतंय. तर म्हणाली, तुझ्या क्रेनखाली येणाऱ्यानं आधी घरी जाऊन सगळ्यांना भेटून यायला पाहिजे. जळते.
पिवळा आज बरेचदा गेला. काही वाटलं नाही. रात्री मामींनी भरली वांगी केली, तेव्हाही काही वाटलं नाही. हवा बदलतेय.

१२ सप्टेंबर
गेलो नाही. निघालो होतो, पण एकजण रस्त्यात स्कूटर उघडून बसला होता. दुपारपर्यंत बघितलं. मशीनचाच अभ्यास झाला.

१७ सप्टेंबर, विश्वकर्मा जयंती
सगळी मशीनं बंद, धुतलेली, टिळे लावलेली. लेथला हार, क्रेनच्या हुकाला हार. चष्मा तसाच टेबलावर, कुणाच्या लक्षातही नाही. त्याला समोर कॅमेऱ्याचे चार बारीक डोळे आहेत. चौघांना तेलातला शेंदूर लावला, भरपूर. वर झेंडूचं फूल. जबाबदारी अशी अंगावर घ्यायची असते.

१९ सप्टेंबर
चष्म्याला काही दिसेना. ओल्या फडक्यानं पुसला तर शेंदूर आत गेला. सरांनी ओरडून विचारलं, हे कुणी केलं? मी फडकं पिळायला बाहेर गेलो. श्रेय घ्यायची मला सवय नाही. चष्मा रिपेअरला इंदूरला.

२२ सप्टेंबर
परीक्षा आता खऱ्या क्रेनवर. बाकीचे घाबरलेत. मी पहिल्या नंबरचा, मला काय. खाली इशारे द्यायला मामा उभे राहणार. सरांना स्वतःच म्हणाले, माझाच भाचा आहे, मीच उभा राहतो. मामी म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यात कशाला हे नसते उद्योग? मामा हसून म्हणाले, पोराला धीर येईल.

२४ सप्टेंबर
लोड उचलला. छान गेला. मग मामांनी पंजा वर केला. दिसला मला. अंगठा बटणावरच राहिला. लोखंड झोके घेत त्यांच्याकडे गेलं. मामा बाजूला उडी मारून बेंचवर आपटले. सरांनी धावत येऊन लाल बटण दाबलं. सगळे ओरडत होते. मी समोर हवेत बघत होतो. ‘फिर से’ची अक्षरं आली नाहीत.
मामा उठले, हेल्मेट उचललं, माझ्याजवळ आले. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा डबा काढून घेतला. म्हणाले, हॉर्न द्यायचास रे.
घरी मामींनी कोपराला हळद लावली. मग माझंही ताट वाढलं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं की लिहीन.

२६ सप्टेंबर
निकाल. माझा राखून ठेवलाय. म्हणजे सर म्हणाले, माझ्या हयातीत तुझ्या हाती क्रेन देणार नाही. याचा अर्थ तारीख नक्की नाही.
अलका पास. पेढे घेऊन घरी आली. आधी मामांच्या पाया पडली, कोपराचं विचारलं. मला म्हणाली, घे, तूही घे. घेतला.

३० सप्टेंबर, संध्याकाळ
मामांचा निरोप समारंभ. माझा गेटपास जमा करून घेतल्यामुळे गेटबाहेर थांबलो. मामा हार घालून बाहेर आले. शाल-नारळ माझ्याकडे दिला.
घरी सामान बांधून झालेलं. मी मामींना सांगितलं, तुम्ही दोघं उद्या पुढे व्हा, मी इथलं बघतो, नाहीच जमलं तर मागाहून तिकीट काढून येईन. मामी दोरीची गाठ मारता मारता म्हणाल्या, तिकीट कशाला काढतोस? मामांनी जूनमध्येच तीन काढलीत, नंतर मिळत नाहीत.
जूनमध्ये ट्रेनिंगचं ठरलंही नव्हतं.
मला मधला बर्थ आहे.