राक्षसाचा प्रश्न मंजूर, नळ नामंजूर

घाटकोपर, डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप मामा यांस,

जयवंताचा साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे तो बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) मामींचा दमा कसा आहे ते कळवावं. इथे तुमची भाचेसून नलिनी बरी आहे, फक्त विहिरीवरच्या रांगेतून आली की थोडा वेळ तिच्याशी कोणी बोलू नये, एवढंच.

आमच्या चाळीत अजून नळ नाही आणि मी सरकारच्या लोकोद्धार कचेरीत कारकून आहे. (दोन्हींचा काही संबंध नाही, असं मी शेजाऱ्यांना रोज सांगतो.) गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, की कुठल्याशा जागतिक संस्थेचे गोरे पाहुणे येताहेत. मागासलेल्या देशांची प्रगती तिथल्याच कलांमधून करायची असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा, साहेब म्हणाले, तुम्ही कोकणातली मंडळी चाळीत दशावतार बसवा, विषय स्वच्छता. पाहुणे खूश झाले की नळ मिळवून देतो. मग काय, सगळी चाळ कामाला लागली. संहिता साहेबांनीच लिहिली. मळासुर नावाचा राक्षस आणि विष्णूच्या हातात चक्राऐवजी साबणाची वडी. विष्णू मी, कारण सरकारी बाजू सरकारी माणसानेच मांडलेली बरी. मळासुर झाला शेजारचा गुणाजी, गिरणीत असतो, मूळचा कुडाळकडचा.

आता दशावतारात लिहून दिलेलं कोणी बोलत नाही, जागेवर सुचेल ते बोलतात, आणि राक्षस वादात हरल्याशिवाय त्याला मारायचं नाही, हे जन्मभर राक्षस करणाऱ्या तुम्हीच मला शिकवलंत. साहेब पुण्याचे, त्यांना हे कोण सांगणार? पाहुण्यांसमोर खेळात मी वडी उगारली तसा गुणाजी शांतपणे म्हणाला, "देवा, साबण दिलंस, बरा केलंस. पण पाणी खंय? आमच्या चाळीत नळ कधी येतलो?" सगळी चाळ टाळ्या पिटू लागली, त्यात नलिनी सर्वांत जोरात. कचेरीत असा प्रश्न आला की 'प्रकरण विचाराधीन आहे' असं म्हणतो, तेच म्हणालो. विष्णूच्या तोंडी ते शोभलं नाही. गुणाजी काही मरेना, शेवटी मीच आत निघून गेलो.

साहेबांनी पाहुण्यांना इंग्रजीत समजावलं, की ही या लोकांची पाण्यासाठीची पुरातन आर्त हाक आहे. पाहुण्यांचे डोळे भरून आले. (त्या दिवशी चाळीत पाण्याची सोय झाली ती तेवढीच.) परवा त्यांचा निर्णय आला. ही तहान म्हणजे या कलेचा प्राण, तो जपला पाहिजे. मखमली पोशाख, पेट्रोमॅक्सची बत्ती आणि नवी पेटी मंजूर. नळ आला तर राक्षसाला विचारायला काही उरणार नाही, म्हणून तो तूर्त नको. साहेबांना बढती मिळाली. मला संताप आला मामा, खरंच आला, पण त्यांच्या सत्काराचे हार आणायचं काम माझ्याकडेच होतं.

आपला,
जयवंत

ता.क. आता दर महिन्याला पाहुणे येणार आहेत आणि नळ आल्याशिवाय गुणाजी तोंडाला रंग लावायला तयार नाही. त्याच्या जागी माणूस आणला नाही तर माझी नोकरी जाते. तेव्हा तुम्ही लगेच निघा. प्रश्न तोच विचारायचा आहे. उत्तराची काळजी करू नका, ते कचेरीत कोणाकडेच नाही.

दुसरा ता.क. अंघोळीचं पाणी पहाटे विहिरीवरून आणावं लागेल. रांगेत तुम्हाला राग येईल. तो तिथे काढू नका, खेळापर्यंत तसाच ठेवा. पाहुणे त्याच्यासाठीच येतात.