आधी पोट, मग कड

७ जुलै १९५८
ठरलं! चंपाच्या बाळाची कौदी, चिंध्यांची गोधडी, मीच शिवणार. माझ्या भावाच्या, खंडूच्या बायकोला, चंपाला सातवा लागलाय, घरात पहिलंच लेकरू, मग आत्याने शिवायचं नाही तर कुणी?

माझी आत्या, कृष्णाबाई, लगेच म्हणाली, "भाग्यलक्ष्मी, तुला स्वतःची वेणी घालता येत नाही. निम्म्यात टाकशील. अर्धवट कौदी पाळण्यात घालू नये." यशवंतपुरातल्या आपल्या लोकांच्या घरोघरी तिने शिवलेल्या कौद्या. तिचं बोलणं म्हणजे कोर्टाचा निकाल. संधिवाताने माझे हात वाकडे झालेत, हे काय मला ठाऊक नाही? राग आला. भीतीही वाटली.

११ जुलै
जमिनीवर बसून बघितलं. रीतीप्रमाणे कडेपासून सुरुवात केली. सहा-सात टाके घातले आणि मग उठताच येईना. खंडूने काखेत हात घालून उचललं, गोणी उचलतो तसं. बोटं सुजली. रडले.

१२ जुलै
सूज तशीच.

१५ जुलै
सुचलं! कडेकडून फेऱ्या घालत आत जायचं, तिथंच तर अडलंय. हात मध्येच बंद पडले की कौदीच्या मध्ये भोक. मग मधूनच का सुरू करू नये? ज्या दिवशी थांबेन त्या दिवशी कौदी पुरी. ताटाएवढी झाली तरी पुरी! शिवाय मांडीवर मावेल, खाटेवर बसून शिवता येईल.

आत्या म्हणाली, "आणि पोट?" मधल्या चौकोनात सगळ्यात शेवटी भाकरीचा तुकडा घालून शिवतात. कौदीचं पोट भरलं की पांघरणारा उपाशी राहत नाही. मी म्हटलं, "आधी पोट भरू, मग कामाला लागू. माणसं तसंच करतात की." आत्या फणकाऱ्याने उठून गेली. चंपा पदरात तोंड लपवून हसत होती.

२ ऑगस्ट
ताटाएवढी झाली. खंडूच्या जुन्या चपलेचं कातडं तळहाताला बांधते आणि सुई तळव्याने ढकलते. या बेंगळूरच्या गारठ्यात सकाळी बोटं उघडतच नाहीत, उन्हात धरून बसते. चंपा चुलीकडे जाण्याआधी सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवते. दुखतं, मरणाचं दुखतं — पण काय मजा येतेय, कुणाला सांगू?

२० ऑगस्ट
आज फजिती. भराभर टाके घातले, उठायला गेले तर कौदी माझ्याबरोबर उठली! खाली माझंच लुगडं शिवून टाकलेलं. चंपा म्हणाली, "उसवते, अक्का." मी म्हटलं, माझ्या टाक्याला हात लावून तर बघ. लुगडंच कापायला लावलं. आता माझ्या लुगड्याचा तुकडा बाळाच्या अंगाखाली येणार.

आत्या दारातून बघत होती. "टाका सरळ आहे," एवढंच म्हणाली. दिवसभर मी तेच घोळवत बसले.

४ सप्टेंबर
पाळण्याच्या तळाएवढी भरली. आणखी दोन फेऱ्या घालीन म्हणते.

९ सप्टेंबर
मुलगी झाली! दिवस भरायच्या आधीच आली. दोघी सुखरूप.

कौदी आत्यानेच पाळण्यात अंथरली. चारी बाजूंनी चाचपली, मग म्हणाली, "कडेपासून धरली असतीस तर आज मध्ये भोक असतं." हे तिच्या तोंडून!

उजवा हात आज मुळीच उघडला नाही. डाव्याने लिहितेय. असू दे.

३ नोव्हेंबर
हे अक्षर चंपाचं. मी सांगते, ती लिहिते. मला पेन धरवत नाही आता, सुईही नाही.

पोरीचे पाय कौदीबाहेर येऊ लागलेत. आज सकाळी कृष्णाआत्या माझ्या खाटेवर येऊन बसली, ते कातडं तळहाताला बांधलं, पुढची फेरी धरली. कोपऱ्याशी थांबली आणि मला विचारलं, "इथं कशी वळू गं?"

मी म्हटलं, "स्वल्प सैल धर, आत्या."