डोलकाठीची वायर कोणी निवडली?

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

सादर नमस्कार. (तीर्थस्वरूप लिहायचं की नुसतं प्रिय, यावरून आमची ही आणि मी सकाळी चहावर थोडे भांडलो. माझं म्हणणं, तुम्ही माझ्याहून असून असून किती मोठे असणार? हिचं म्हणणं, ज्याच्याकडे आपलं काम असतं तो तीर्थस्वरूप. तसं काम काही नाही म्हणा. सहज लिहितो आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचं फिरायला जाणं सुरू झालं, की अजून बूटच आणायचे आहेत? आमच्याकडे सगळं क्षेम. बाबांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आणि स्वभावाच्या मानाने तर फारच उत्तम आहे. खरं म्हणजे फोनच करणार होतो. पण आमच्या घरात फोनवर कुजबुजलेलं बाबांना बंद दारातून ऐकू जातं आणि समोर बसून ओरडून सांगितलेलं अजिबात जात नाही, म्हणून हा कागद.

पत्रास कारण, बाबांची शिडाची होडी. डॉक्टरांनी बाबांना या मोसमापुरती पाण्यावर जायची परवानगी दिली आहे. पुढच्या मोसमाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. बाबांची इच्छा एवढीच, की एकदा खाडीच्या तोंडाशी जाऊन नांगर टाकावा, रात्र होडीवर काढावी आणि सकाळी परत यावं. पण रात्री नांगरलेल्या होडीच्या डोलकाठीवर, अगदी टोकाला, दिवा लागतो. तो नसेल तर बंदरावरचा साहेब होडी सोडत नाही. आणि बाबांच्या डोलकाठीतली वायर तर इतकी जुनी झालेली, की हात लावला की हिरवी भुकटी पडते. तेव्हा एका सकाळी पेपरमागून बाबा मला म्हणाले, "वायरचं तेवढं तुम्ही बघा."

साडूभाऊ, तुम्ही थोरले जावई, तुम्हाला या वाक्याचं मोल कळायचं नाही. तुम्हाला बाबा सगळंच विचारतात. घराला रंग कोणता द्यावा इथपासून दात काढावा की ठेवावा इथपर्यंत. मला इतक्या वर्षांत त्यांनी काम म्हणून एक सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दल त्यांचं मत विचारलं तर ते "स्वभावाने चांगले आहेत" असं म्हणतात, म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. मी त्या दिवशी ऑफिसला रजा टाकली. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

डोलकाठी उतरवून धक्क्यामागच्या आवारात लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. शनिवारी क्रेन येणार, सगळ्यांच्या डोलकाठ्या उभ्या करणार आणि निघून जाणार. ती पुन्हा यायची ती मोसम संपल्यावरच. म्हणजे शनिवारच्या आत वायर आत गेली नाही, तर बाबांची रात्र गेली. मी आधी आपल्या नेहमीच्या विजेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, पंख्याला हवी की गीझरला? मी म्हटलं, डोलकाठीला. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, एसी धरून चालू. तिथून निघालो तो होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात. तिथला माणूस म्हणजे नुसतं ज्ञान. साधं तांबं खाऱ्या हवेत सडतं, म्हणून तारेला कल्हई केलेली हवी. (ही म्हणाली, भांड्यांना कल्हई ऐकली होती, तारेला करायला बसतात कसे?) एकच जाड तार डोलकाठीच्या हेलकाव्यांनी तुटते, म्हणून केसासारख्या बारीक तारांची जुडी हवी. इथपर्यंत सगळं समजलं. उरला प्रश्न जाडीचा, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

आवारात शेजारच्या होडीचे मालक आहेत, त्यांना सगळे कप्तान म्हणतात. (त्यांची होडी विकत घेतल्यापासून पाण्याला लागलेली नाही. तिच्या सावलीत बसून ते इतरांना सल्ले देतात.) कप्तान म्हणाले, वायर बारीक असली की वीज वर पोचेपर्यंत दमते आणि दिवा मिणमिणतो; जाड घ्या. डोलकाठ्या बसवणारा मिस्त्री म्हणाला, टोकाकडे वजन वाढलं की होडी डोलते, पोटातलं बाहेर येतं, बारीक घ्या. दोघांचंही बरोबर. तिथेच दोघांचं जुंपलं, आणि दोघेही मला सोडून एकमेकांच्या होड्यांबद्दल बोलू लागले. आता मी पडलो विम्याच्या कचेरीतला. उभा जन्म दुसऱ्यांचे अपघात वाचण्यात गेला. बारीक वायर तापून आग लागल्याचे दावे मी ढिगाने पाहिले आहेत. जाड वायरने कुणाचं वाईट झाल्याचा एकही नाही. मी जाड मागितली. दुकानदार वायर मोजायला लागला तेव्हा मला आणखी एक दावा आठवला, म्हणून तिच्याहून जाड मागितली. तिच्याहूनही वरची, दुहेरी रबरी आवरणाची होती, ती घेतली. गुंडाळी उचलायला मिस्त्रीला बोलवावं लागलं.

मग मी जुनी वायर ओढून काढली. सबंध, एकसंध, कुठेही न तुटता! तिची छान वेटोळी करून मी ती घडीच्या खुर्चीत बसलेल्या बाबांना दाखवली. बाबा वेटोळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता नवी आत कशी घालणार?" जुनी वायर ओढताना तिच्या शेपटीला दोरी बांधायची असते, म्हणजे तिच्यामागून दोरी आत जाते आणि दोरीने नवी वायर ओढता येते. हे मला तेव्हा कळलं. आवारातल्या बाकीच्या सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं, पण सगळे सभ्य असल्यामुळे माझं ओढून होईपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही.

असो. त्यातूनही मी मार्ग काढला. घरून व्हॅक्यूम क्लीनर आणला (ही माहेरचं माणूस जावं तशी त्याच्याकडे बघत होती), डोलकाठीतल्या नळीच्या एका तोंडाला तो लावला, दुसऱ्या तोंडात प्लास्टिकचा कपटा बांधलेला दोरा सोडला, आणि यंत्राने दोरा सुर्रकन ओढून घेतला. कप्तानांनी टाळ्या वाजवल्या. दोऱ्याने दोरी ओढली, दोरीने वायर. वायर अर्ध्या डोलकाठीपर्यंत गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी ओढलं, मिस्त्रीने ओढलं, कप्तानांनी ओढण्याबद्दल सांगितलं. नळी लहान, वायर मोठी. हे दुकानात कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण तिथे प्रश्न विजेचा चालला होता, भोकाचा नव्हे.

तेवढ्यात खुर्चीतून बाबांनी विचारलं, "ही वायर निवडली कोणी?"

घाम पुसत मी म्हणालो, "साडूभाऊंना विचारून घेतली."

का म्हणालो, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. पण चमत्कार बघा. बाबा "असं होय" म्हणाले, उठले, आणि वायरकडे न बघता डोलकाठीकडे संशयाने बघू लागले. तुमचं नाव निघाल्याबरोबर वायर बरोबर ठरली आणि नळी चुकीची. तुम्ही वीजकंपनीच्या हिशेब खात्यात होता हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. पण त्यांना त्यातलं वीजकंपनी एवढंच ऐकू येतं.

तर अशी इकडची हालहवाल. थोरांना नमस्कार (म्हणजे तुम्हालाच), लहानांना काय द्यायचं ते ताई ठरवतील. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : बाबा तुम्हाला फोन करतील असं वाटतं. केला, तर जाड वायर तुम्हीच सुचवली होती, असं कृपा करून सांगावं. तुमच्या पदरी इतकी पुण्याई आहे की एक वायर सहज खपून जाईल. माझ्याकडे फक्त चांगला स्वभाव आहे, आणि तो आधीच खर्ची पडला आहे. बाकी काम काही नाही.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घालून टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. वरची विनंती रद्द समजावी. झालं असं, की भांडी घासायचा साबण ओतून वायर बाहेर काढली, आणि मी व हिने जेवणाच्या टेबलावर बसून तिचं बाहेरचं आवरण ब्लेडने सबंध सोलून काढलं. (साली अजून फ्रिजखाली सापडतात.) आतल्या दोन वायरी नळीतून अलगद गेल्या. शनिवारी डोलकाठी उभी राहिली. दिवेलागणीला बाबांनी बटण दाबलं आणि टोकाला असा लख्ख उजेड पडला, की कप्तान पहिल्यांदाच सल्ला द्यायला विसरले. (दुकानदार आता म्हणतो, हा नवा दिवा इतकी कमी वीज खातो की बारीकातली बारीक वायर पुरली असती; दिवा कोणता ते तुम्ही सांगितलंच नाहीत.) बाबांचे डोळे भरून आले होते. माझेही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थोरल्यांना विचारून केलंत, हे फार शहाणपणाचं केलंत." आता आवारभर ते सांगत सुटले आहेत, वायर थोरल्या जावयांची. तरी पत्र पोचताच बाबांना स्पष्ट कळवावं, की तुम्हाला वायरमधलं ओ की ठो कळत नाही. खरं बोलायला तुम्हाला जड जाऊ नये.

शेवटचा ता. क. : आत्ताच ताईंचा हिला फोन आला. बाबांनी तुम्हाला कालच फोन करून शाबासकी दिली म्हणे, आणि तुम्ही "त्यात काय एवढं, बाबा" असं म्हणालात. कुठली वायर, कसली वायर, हे विचारलंतही नाही. माझं पत्र टेबलावरच असताना माझी पहिली विनंती तुम्ही मान्य केलीत, याबद्दल आभारी आहे. बाबांना आता खाडीत नांगर टाकायच्या रात्री सोबत मी नको, वायर निवडणारे जावई हवे आहेत. होडीवर जागा दोघांचीच आहे, आणि मिस्त्री म्हणतो तशी ती टोकाच्या वजनाने बरीच डोलते आहे. तुम्हाला तळ्यातल्या नावेतसुद्धा बोट लागते, हे मला ताईंकडून ठाऊक आहे. बाबांना ठाऊक नाही. मी सांगणारही नाही. अवश्य यावं.