दोकिया प्रोकोपचुक यांना आलेल्या वासाबद्दल

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वायू व उष्णता सुरक्षा विभाग,
नगर कार्यालय, नोवा दोलिना, सास्काचेवान, कॅनडा.

विषय : घरातील फर्नेसच्या वासासंबंधी माझ्या दिवंगत पत्नीने केलेल्या तक्रारी ‘जाणूनबुजून खोट्या’ न ठरवण्याबाबत व निरीक्षक श्री. डेल फिडलर यांना कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे जानेवारीतील पत्र व त्यासोबतचा कोरा जबाब.

महोदया,

१. मी खाली सही करणार ओरेस्ट प्रोकोपचुक, धान्यकोठारावरचा निवृत्त कामगार, आपल्या गावी चर्चमागील गल्लीत राहतो. माझी पत्नी दोकिया गेल्या वसंतात वारली. आपल्या पत्रात तिचा उल्लेख ‘वारंवार निराधार तक्रार करणारी व्यक्ती’ असा आहे, आणि तिच्या हाकेला वारंवार गेल्याबद्दल निरीक्षक श्री. फिडलर यांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवले आहे. त्यासंबंधी पुढील हकिगत आपल्यासमोर ठेवण्याची परवानगी असावी.

२. गेल्याच्या मागल्या थंडीत, घर तापवणारी तळघरातील फर्नेस चालू झाली की घरात वास येतो, असे पत्नी म्हणू लागली. तो वास रबर जळाल्यासारखा, पण त्यात काहीतरी गोडसर, असे तिचे वर्णन होते. मला काहीही येत नसे. तिच्या लहानपणी शेजारच्या शेतघरातील अख्खे कुटुंब चुलीच्या धुराने झोपेतच गेले होते. सकाळी दुधाची किटली घेऊन तीच त्यांच्या दारात उभी होती, आणि दार कोणी उघडले नाही. त्यामुळे या बाबतीत ती थट्टा करणारी बाई नव्हती, हे कृपया ध्यानात घ्यावे. मी आपल्या कार्यालयाला फोन केला. घाबरली की तिचे इंग्रजी तिला सोडून जात असे, म्हणून प्रत्येक वेळी फोन मीच लावला.

३. निरीक्षक श्री. फिडलर आले. त्यांनी फर्नेस उघडली, ज्योत पाहिली, धुराचा नळ तपासला, मोजणीचे यंत्र सगळीकडे फिरवले. दोष नव्हता. मग तळघराच्या पायरीवर बसून त्यांनी पत्नीला एकेक वास समजावून दिला. थंडीच्या सुरुवातीला धूळ जळाल्याचा वास येतो, तो आपोआप जातो. कुबट, ओल्या मोज्यासारखा वास आला तर हवा गाळणारी जाळी बदलायची. करपल्यासारखा आला तर पंख्याची मोटर तापली, फर्नेस बंद करून आम्हाला बोलवायचे. सडक्या अंड्याचा आला तर तो गॅस, दिव्याच्या बटनालाही हात न लावता सरळ बाहेर पडायचे. आणि जो वायू माणूस मारतो त्याला वासच नसतो, त्याच्यासाठी भिंतीवर हे यंत्र. ते त्यांनी स्वतः लावून दिले. पत्नीने सगळे ऐकून घेतले व म्हणाली, “पोरा, तू सांगितलेस त्यातला हा एकही नाही.”

श्री. फिडलर हसले नाहीत. “आजी, फर्नेस चांगली आहे,” ते म्हणाले. “पण तुम्हाला वास आला म्हणताय ना, मग आला असणार. परत आला की बोलवा.”

४. वास परत आला. पुन:पुन्हा आला. आपल्या नोंदींत त्या भेटी आहेतच, म्हणून त्या येथे मांडत नाही. चर्चच्या सभागृहात वारेनिके, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, वळायला बायका जमत, तिथे त्यांच्यातली पारान्या सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं दोकिया, आज तुझ्या फर्नेसनं काय शिजवलं?” सगळ्या हसल्या. पत्नीही हसली. पिठाचे हात धुऊन घरी आली आणि त्यानंतर ती तिथे गेली नाही. एडमंटनहून आमची मुलगी लेस्या फोनवर म्हणाली, “बाबा, आईला आता घरात एकटी ठेवू नका.” पत्नी शेजारीच बसली होती, तिने ते ऐकले. मला म्हणाली, “मला वेड लागलं असेल तर स्पष्ट सांग. पण खोटं बोलते असं नको म्हणूस.”

५. शेवटच्या भेटीविषयी आपल्या पत्रात ‘निरीक्षकाने कार्यालयीन वेळ वाया घालवला’ असे म्हटले आहे. त्या दिवशी काय घडले ते असे. श्री. फिडलर यांनी खाली जाऊन फर्नेस पूर्ण बंद केली होती आणि ते वर येऊन स्वयंपाकघरात चहा घेत होते. ती बंद आहे हे पत्नीला ठाऊक नव्हते. एकाएकी तिने त्यांची बाही धरली व म्हणाली, “आला. बघ, आला.” मग ती बोलेना. ओठ चाटत राहिली, डोळे उघडे, पण आम्ही दोघे तिला दिसत नव्हतो. थोड्या वेळाने भानावर आली आणि पाहुण्याला साखर विचारू लागली.

श्री. फिडलर मला बाहेर गाडीपाशी घेऊन गेले. “काका, हे काय आहे ते मला कळत नाही. मी काही डॉक्टर नाही. पण हा वास फर्नेसमधला नाही, आणि त्या बनाव करत नाहीयेत. उद्याच त्यांना सास्काटूनच्या मोठ्या इस्पितळात न्या. गाडी नसेल तर मी येतो.” माझ्या गाडीची बॅटरी गारठून बसली होती. ते आले.

६. मेंदूच्या चित्रात गाठ निघाली. जिथे वास कळतो त्याच्याच शेजारी. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून सावकाश सांगितले की गाठ काढता येण्याजोगी नाही, आणि या गाठीमुळे माणसाला नसलेले वास खरोखर येतात. पत्नीने मला ते पुन्हा आमच्या युक्रेनी भाषेत सांगायला लावले. मी सांगितले. ती हसली. डॉक्टरीणबाईंना वाटले तिला समजले नाही. तिला सगळे समजले होते. ती म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”

महोदया, त्यानंतर तिला फार दिवस मिळाले नाहीत. पण ते तिने ताठ मानेने काढले. लेस्या नोकरीवरून रजा काढून आली, आईच्या पलंगाशी जमिनीवर गादी घालून झोपली. पारान्या वारेनिक्यांचे भांडे घेऊन आली आणि दारातच रडू लागली. पत्नीने तिला आत घेतले, आणि पीठ जाड झालंय म्हणून बोलूनही दाखवले.

७. आता आपल्या जबाबाविषयी. त्यात दोनच रकाने आहेत. पहिल्यावर खूण केली तर तक्रारदाराने जाणूनबुजून खोटी तक्रार केली, निरीक्षकाची फसवणूक झाली, सबब निरीक्षक निर्दोष. दुसऱ्यावर केली तर तक्रार ग्राह्य नसल्याचे माहीत असूनही निरीक्षक जात राहिले, सबब त्यांची नोकरी संपुष्टात. खिडकीवरील आपले कर्मचारी मला म्हणाले, “पहिल्यावर सही करून टाका ना, काका. आता त्यांना काय फरक पडणार आहे?” मी टोपी घालून बाहेर आलो. त्यांच्यावर माझा राग नाही. ते वयाने लहान आहेत.

श्री. फिडलर मला वाणसामानाच्या दुकानात भेटले. त्यांच्या दोन्ही मुली सोबत होत्या. म्हणाले, “माझ्यासाठी आजींना खोटं पाडू नका. मी दुसरं काहीतरी बघेन.” गावात दुसरे काय आहे, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

८. सबब विनंती अशी की, जबाबात तिसरा रकाना वाढवावा : ‘वास खरा होता, फर्नेस निर्दोष होती, निरीक्षकाने आपले काम केले.’ हे तिन्ही एकाच वेळी खरे असू शकते. आमच्या घरात ते होते.

९. नियमानुसार तसा रकाना वाढवता येत नसेल, तर पहिल्या रकान्यात तक्रारदार म्हणून माझे नाव घालावे. फोन माझ्या नावावर आहे, क्रमांक मीच फिरवला, आवाजही माझाच नोंदलेला असेल. ओरेस्ट प्रोकोपचुक याने जाणूनबुजून खोट्या तक्रारी करून निरीक्षकाची फसवणूक केली, असे मी लिहून देतो. ते खरे नाही, हे आपल्याला कळेल आणि मलाही. परंतु या खोट्याने कोणाचे घर बुडणार नाही.

१०. असे नाव नोंदले गेल्यावर वर्षभर त्या घरी निरीक्षक पाठवला जात नाही, हा आपला नियम मी वाचला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर थंडी कडाक्याची आहे आणि फर्नेस दिवसरात्र चालू असते. लेस्या फोनवर रागावते, तरी मी झोपण्याच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवतो.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,

(सही)
ओरेस्ट प्रोकोपचुक
नोवा दोलिना, २ फेब्रुवारी

सोबत :
१) पत्नीच्या वैद्यकीय अहवालाची प्रत
२) मृत्यूचा दाखला
३) आपला जबाब, सही न करता परत